टाकीचं विरजण

टाकी आंबली, हे सगळ्यात आधी माह्या नाकाले समजलं.

रोज सकाळी कारखान्यात पाय ठेवला का पयले टाकीपाशी जायचं, हा माहा नेम. टाकीचा एक वास राह्यते, गोठ्यासारखा, अन् सवय झाली का तो वास आपलासा वाटते. दिवाळीची सुट्टी संपली, मी कुलूप काढून आत गेली, तं वासच येगळा. खाटा. डोयात पाणी येईन असा खाटा. म्या टाकीच्या शेगडीची तोटी उघडली, माचीस ओढली, तं भक करून इझली. दुसरी ओढली, तेही इझली.

आता तुम्ही म्हणान, टाकी कायची? तं सांगते.

आमचा तांडा दारव्ह्याहून आत, नाल्याच्या वरच्या अंगाले. तांड्यातल्या आम्ही बायका मिळून मोहफुलाची वाइन करतो. लायसन घेऊन, स्टीलच्या टाक्यायत, डोस्क्याले टोप्या घालून. पाहुणे येतात अन् हसून विचारतात, "काय वो, पयल्या धारेची हाय का?" अरे बाप्पा, धार नाही, भट्टी नाही, काही नाही. झरी जामणीच्या जंगलातून सुकवलेली फुलं येतात, ते भिजवतो, गाळतो, आंबवतो अन् बाटलीत भरतो. सांगून सांगून माह्या तोंडाले फेस आला, पण लोकायले धारच पायजे.

या धंद्यात वाइन निंघते थोडी अन् घाण पाणी निंघते लय. फुलं धुतल्याचं, टाक्या धुतल्याचं, तळाचा गाळ खरवडल्याचं. गोड, आंबट, तपकिरी. पयल्या वर्षी ते पाणी आम्ही सरळ नाल्यात सोडलं. मंग एक दिवस खालच्या गावातून तुळसामावशी आली.

तुळसामावशी दिसाच्या आधी ऐकू येते. त्या दिवशी ती नाल्यापासूनच बोलत आली. "नाल्याचे मासे उलटे झाले! माही भुरी म्हैस पोट फुगवून पडली! तुम्ही वाइन इका न लागन तं अमृत इका, पण माह्या म्हशीनं प्यावं काय?" बाई खरं बोलून राह्यली होती. भुरी जगली, पण त्या दिवसापासून तिनं नाल्याच्या पाण्याले तोंड लावलं नाही. मावशी तिले घरी बकेटीनं पाणी पाजे, अन् दर बकेटीले आमच्या तांड्याचा उद्धार करे.

मायनं भांडण आणलं, अन् लेकीनं उपाय आणला. तुळसामावशीची उर्वशी यवतमाळच्या कॉलेजात शिकवते, डोयाले न दिसणाऱ्या जिवाणूंचंच शास्त्र. तिनं आम्हाले ही टाकी बांधून देली. जमिनीत गाडलेली, वरून बंद, हवा जायले जागा नाही. घाण पाणी एका अंगानं आत जाते, आतले जिवाणू ते खातात, गॅस सोडतात, अन् दुसऱ्या अंगानं पाणी निंघते ते कर्दळीच्या वाफ्यातून नितळून नाल्यात पडते. त्या गॅसवर आम्ही फुलं भिजवाचं पाणी तापवतो. उर्वशीनं पयल्याच दिवशी सांगतलं होतं, "वहिनी, ही टाकी जिती आहे. तिची काळजी जित्या जीवासारखी घ्या." मीही मंग तांडाभर तेच सांगत फिरली. ते माहंच बोलणं मले भोवणार होतं, पण तवा काय ठाव?

टाकी बांधली तरी मावशीचा इश्वास बसला नाही. ग्रामसभेत उभी राह्यली अन् म्हणली, "कागद-बिगद मले दाखवू नका. दिवाळीच्या पुढची पुनव झाली का सगळे नाल्यावर या. कारखाना चालू पायजे, पाणी सुटत पायजे, अन् माही भुरी तिथं पाणी प्याली पायजे. प्याली तं माहं भांडण खतम. नाही प्याली तं कारखान्याले कुलूप." लोकायनं हसून टाळ्या वाजवल्या अन् ठराव पास. मी नाही हसली.

कारण कुलूप लागलं तं माह्यापुढे एकच रस्ता होता, देवीलाल मुकादमाचा ट्रक. कारखाना निघाच्या आधी दरसाल आम्ही नवरा-बायको कोयते बांधून ऊसतोडीले जाऊ. दिवाळीच्या दिव्यायचं तेल वाळलं नसे, का ट्रक तांड्याच्या तोंडाशी उभा. वापस येऊ तवा उन्हाळा सराले आला राहे. पोरगी, वैष्णवी, माह्या सासूपाशी. बाकीचे पोट्टे आईच्या पायाले धरून रडत, चाकापुढे लोळत. माही पोरगी नाही. तिची खोड येगळी. आम्ही निघाच्या दोनचार दिवस आधी पेटीतून माही एक साडी गायब होये. मी गेली का ते साडी उशाशी घेऊन झोपते, असं सासूनं सांगतलं. इचारलं तं मान हलवते, बस. कारखाना सुरू झाला तवापासून मी तांडा सोडला नाही, अन् पेटीतली साडी हालली नाही.

टाकी आंबली त्या दिवशी मी घरी कोणाले चकार शब्द बोलली नाही. पण पोरीनं माहं तोंड पाह्यलं असन. संध्याकाळी पेटी उघडली, तं जांभळी साडी नव्हती.

दुसऱ्या दिवशी उर्वशी आली. तिनं टाकीतलं पाणी काढलं, कागदाची पट्टी बुडवली. पट्टी लाल झाली तसं तिचं तोंड उतरलं.

"राखीवहिनी, काय चारलं इले?"

"काहीच नाही. सुट्टी होती."

"काहीतरी गोड गेलंच आहे. थोडंथोडकं नाही, लय."

माहं डोस्कं फिरलं. मले वाटलं, खालच्या गावातून कोणीतरी येऊन जाणूनबुजून घाण केली. तांड्याच्या मधात उभी राह्यली अन् बोंबलली, "कोण्या हरामखोरानं माह्या टाकीत काय टाकलं? पुढे या! मर्दाचा बच्चा असन तं पुढे या!"

माही सासू, मानीबाई, अंगणात बसून तुरी निसत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"मर्द कायले पायजे? मीनंच टाकलं," म्हणे. अन् काय तोरा होता वो तिच्या तोंडावर!

"याडी! काय टाकलं?" सासूले मी याडी म्हणते, आमच्या बोलीत आई.

"भोग. लापशीचा."

आमच्यात दिवाळीले चुलीतल्या विस्तवावर लापशीचा भोग देतात, गूळ अन् तूप घालून. मंग गोठ्यातल्या गायी-बैलायले तेच गोड चारतात, दारातल्या कुत्र्यालेही देतात. अंगणातला एकही जीव त्या दिवशी गोडाबगर राहू नये, ही रीत. ते मले ठाव नाही काय? पण टाकी?

"तूच म्हणत होती ना, टाकी जिती हाय म्हणून?" सासू उलटी माह्यावरच घसरली. "सणासुदीले सारे जेवले, अन् कारखाना बंद म्हणून ते बिचारी उपाशी. तिनंच कोणाचं काय घोडं मारलं? तू सैपाकात होती, म्या खुंटीवरची किल्ली घेतली अन् घरोघरी सांगतलं, पयली लापशी टाकीले. साऱ्या तांड्यानं देली. कढया भरभरून देली."

"तुपासगट?"

"तुपाबगर भोग राह्यते काय कुठं?"

उर्वशीनं दोन्ही हातानं तोंड झाकलं. मले वाटलं रडून राह्यली, पण ते हसत होती. मंग सासूपाशी खाली बसली अन् तिले समजावून सांगाले लागली.

"आजी, टाकीत दोन टोळ्या आहेत. पयली टोळी गोड खाते अन् त्याचं आंबट करते. ते लय खादाड अन् लय घाईची, सकाळची संध्याकाळपर्यंत चौपट होते. दुसरी टोळी ते आंबट खाते अन् गॅस करते. पण ते धीमी. तिले वाढाले दिवसच्या दिवस लागतात, अन् आंबट जास्त झालं का तेच मरते. रोज थोडं थोडं देलं तं दोघींचं जमते. तुम्ही एकदम गोडाचा डोंगर टाकला. पयलीनं आंबटच आंबट केलं, अन् दुसरी त्यात बुडून मेली."

सासूनं सूप बाजूले सारलं. "म्हणजे पंगतीत वाढणारेच धावून राह्यले, अन् जेवणाऱ्यायचा जीव गेला."

"अगदी तसंच."

"अवो माय," सासू म्हणली, अन् तिचा सारा तोरा उतरला. पदर तोंडाशी घेऊन बसली. मले तिचा राग येऊन राह्यला होता अन् कीवही. एवढ्या मायेनं कोणी कोणाचा सत्यानाश केलेला म्या तं पाह्यला नाही.

म्या इचारलं, "आता?"

"आता हिचं खाणं बंद. चुन्याचं पाणी थोडं थोडं द्या, त्यानं आंबटपणा मोडन. पण मेलेले काही जिते होणार नाहीत. ते बाहेरून आणा लागतीन. चालू गोबरगॅसमधला जिता काला, म्हणजे शेणाचा गाळ, पायजे. विरजणच समजा."

"मंग आणू. कोणाकडे हाय?"

घरोघरी सिलिंडर आले तसे लोकायनं गोबरगॅसचे खड्डे बुजवून टाकले. कोणी त्यात कडबा भरला, कोणी वर संडास बांधला. उर्वशीनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली अन् म्हणली, "या भागात चालू असा एकच आहे. माह्या आईचा."

घ्या! सारी दुनिया सोडून तुळसामावशीच्याच दारात जायचं होतं.

"तूच माग न बाई," म्या म्हणलं. "तुही माय हाय."

"मी मागितलं तं म्हणन, लेकीची टाकी फसली म्हणून लेक आली. टाकी तुमची आहे वहिनी, तुम्ही मागा. ते शिव्या देईन, पण ऐकून घेईन."

वैष्णवीच्या बापानं ट्रॅक्टर काढला, ट्रॉलीत झाकणाचे ड्रम ठेवले. मी चढली, तं मागून सासू लुगडं सावरत आली. "सरक. नासवलं मीनं, मागीन मीच."

मी पाह्यतच राह्यली. माही सासू जुनं माणूस. तुळसामावशीचं घर बौद्धायचं, अन् सासूनं आजवर त्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. मावशी तांड्यावर आली का हे आतल्या घरात जाऊन बसे. मले त्याची लाज वाटे, पण सासूपुढे बोलाची हिंमत कधी झाली नाही. आज तेच ट्रॉलीत ड्रमाले धरून बसली होती.

रस्त्यात ट्रॅक्टर दोनदा रुसला. पोचलो तवा घरोघरी दिवे लागले होते. फाटकापाशी सासू थबकली.

"राखी, दिवे लागले वो. या येळेले कोणी विरजण देते काय? घरातली बरकत जाते म्हणतात. वापस चाल, उद्या येऊ."

तेवढ्यात दार उघडलं. "कोण हाय तिकडे?"

"जय भीम, मावशी. मी राखी, तांड्यावरची."

"जय सेवालाल. परीक्षा तं पुनवेनंतर हाय, आताच कायले आली? भुरीले लाच द्याले?"

म्या सारं सांगतलं. काही लपवलं नाही, लपवून करता काय? लापशीपाशी आली तसं मावशी ओट्यावर बसली. "टाकीले? लापशी? तुपाची?" अन् असं हसली, का गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या झाल्या. हसणं सरलं अन् डोये पुसत म्हणली, "अन् माही म्हैस मराले टेकली होती, तवा कोणी एक शब्द इचाराले आलं होतं काय माह्या दारात? आज कोणत्या तोंडानं आली?"

सासू पुढे झाली.

"तुळसा, सुनेचा दोष नाही. टाकी माह्या हातानं मेली. विरजण मागाले आली मी. म्हैस पडली तवा येऊन पाह्याले पायजे होतं, नाही आली, तेही चुकलं. दिवे लागले, ते मले समजते. नाही देलं तरी माहा राग नाही."

मावशी ओट्यावरून उठली.

"आमच्यात तसलं काही नसते, मानीबाई. दिवे लागले म्हणून देऊ नये, आज वार नाही म्हणून देऊ नये, हे आम्ही कधीचं सोडलं. मागणाऱ्याले गरज हाय काय, एवढंच पाह्यतो." मंग बोट नाचवत माह्याकडे वळली. "अन् तू ऐक! मले तुमच्या कारखान्याचा पुळका नाही. पण टाकी मेली तं ते पाणी जाईन कुठं? माह्याच नाल्यात. म्हणून देते. भुरी आपल्या मतानं पाणी पेईन, तिले मी काही सांगणार नाही."

आत गेली अन् लोटा भरून आणला. पयले सासूपुढे धरला. सासूनं लोटा घेतला, तोंडाले लावला, पुरा पेली. पदरानं तोंड पुसलं. "गार हाय," म्हणली.

"नवा माठ हाय," मावशी म्हणली.

बस, एवढंच बोलल्या दोघी. मले तवाच वाटलं, टाकीचं काहीही होवो, येणं फुकट गेलं नाही.

मंग आम्ही ड्रम भरले. काळाभोर काला, बुडबुडे येत होते. मावशी डोक्यावर उभी राहून खेकसत होती, "झाकण लाव लवकर! हवा लागली का मरतात ते, लेकीनं सांगतलं हाय मले!" सकाळ उजाडली तसा तो काला आम्ही टाकीत सोडला.

अन् मंग वाट पाह्यणं. त्याच्यासारखं वाईट काम नाही. उर्वशीनं टाकीचा खुराक ठरवून देला, अर्धी बकेट, मंग एक, मंग दोन. सासूनं काठी घेतली अन् टाकीपाशी खाट टाकली. कोणाचा इश्वासच नाही, माहाही नाही. मी एक दिवस बकेट जराशी जास्त भरली, तं काठी आपटली. "पंगत पाहून वाढ!" आता मलेच शिकवून राह्यली!

देवीलाल मुकादमाचा फोन येत राहे. "राखी, येतं का नाही, सांग. शेवटचा ट्रक हाय." मी म्हणो, "पुनव होऊ दे, भाऊ." घरात वैष्णवी शाळेत जाये, जेवे, झोपे. साडीचं मी इचारलं नाही, तिनं सांगतलं नाही. मी तिच्या उशाकडे पाह्याचीही नाही.

माचीस मी रोज ओढो. रोज भक करून इझे. मंग एके सकाळी इझली नाही. पिवळी, लंगडी, हालत-डुलत जळत राह्यली. म्या सासूले हाक मारली. दुसऱ्या दिवशी तेच जोत जराशी निळी झाली. उर्वशीनं पट्टी बुडवली अन् पट्टी माह्यापुढे नाचवली, "वहिनी, धीमी टोळी उठली!" पुनवेपर्यंत शेगडी अशी जळाले लागली, का सासूनं तिच्यावर चहा मांडला अन् पयला कप मावशीले पाठवा म्हणली. थर्मासात घालून पाठवला. मावशीचा निरोप आला, साखर कमी हाय.

पुनव झाली. ग्रामसभा नाल्यावर आली. कारखाना चालू, पाणी सुटत होतं. कर्दळीतून नितळून नाल्यात पडत होतं, आतले गोटे दिसत होते. पण मले दिसून काय कामाचं? तुळसामावशीनं भुरीचा दोर सोडला अन् हात मागे बांधून उभी राह्यली.

भुरी उतरली. नाल्याशी आली, मान खाली घातली, हुंगलं. अन् मान वर केली.

कोणी हालत नव्हतं. ट्रक सडकेवर येऊन उभा होता, हॉर्न देऊन राह्यला होता. मागून कोणी तरी म्हणलं, "झालं, नाही पेत." एकानं म्हशीले ढकलाले हात उचलला, तं मावशी कडाडली, "खबरदार! तिले कोणी हात लावाचा नाही."

भुरी फिरली. मले वाटलं, चालली घरी. पण ते वरच्या अंगाले गेली, हळूहळू, गोटे टाळत. कर्दळीचं पाणी जिथं नाल्यात पडते, थेट तिथंच जाऊन उभी राह्यली. परत हुंगलं. अन् तोंड घातलं, ते घातलंच. तिच्या घशाचा आवाज मले इकडून ऐकू येत होता. पेली, पेली, पेली. पोटभर पेली, अन् मंग बापा, पाय दुमडले अन् नाल्यात फतकल मारून बसली.

लोकायनं टाळ्या वाजवल्या. मले तं समजेच ना, हसू का बसू.

"मावशी," म्या इचारलं, "कुलूप?"

"कुलूप कायचं लावता?" मावशी लुगडं खोचून पाण्यात उतरली होती अन् म्हशीचं शेपूट ओढत होती. "पयले माही म्हैस काढून द्या! ऊठ वो भवाने, ऊठ!" भुरी काही उठली नाही. शेवटी माह्या सासूनं काठी टेकत पाण्यात पाय घातला अन् दोघी म्हाताऱ्या एका म्हशीले शिव्या द्याले लागल्या.

सडकेवर हॉर्न परत वाजला. मी वर गेली अन् देवीलालले म्हणलं, "जाय भाऊ तू. आम्ही नाही येत." ट्रक गेला. धूळ खाली बसेपर्यंत मी तिथंच उभी होती.

घरी आली तवा वैष्णवी ओसरीवर अभ्यास करत होती. तिनं मान वर करून माह्याकडे पाह्यलं, परत पुस्तकात घातली. मी आत गेली, धुळीनं माखलेलं लुगडं बदलाले पेटी उघडली.

सगळ्यात वर जांभळी साडी होती. घडी तिरपी, लहान हातायची.

मी ते साडी तोंडाशी धरली अन् खाली बसून रडली. टाकी आंबली तवाचं, माचीस इझल्याचं, आधीच्या साऱ्या सालायचं, सारं रडली. सासू दारात येऊन उभी राह्यली. "आता काहून रडतं वो? म्हैस तं प्याली न?"

"काही नाही, याडी," म्या म्हणलं. "मी घरीच हाय."